एका पायावरची बशी

हळद शिजायला लागली की हिंगोलीतल्या माझ्या ऑफिसची खिडकी मला बंद ठेवता येत नाही. तसं पाहिलं तर शहरात हळद शिजत नाही, इथे ती पोत्यांतून विकायला येते. पण फाल्गुनात भोवतालच्या शिवारांमधून तो वास येतोच. उकडलेल्या कंदांचा, थोडा औषधी, थोडा कडवट, मागे ओल्या मातीची चव ठेवून जाणारा. पूर्वी वावरात खड्डा खणून त्यावर मोठाल्या कढया चढवायचे आणि खाली कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या जाळायचे, आता वाफेचे कुकर आलेत. वास मात्र तोच आहे. कुणाला मोहोराच्या वासाने माहेर आठवतं, कुणाला मोगऱ्याने आणखी काही. मला हळदीच्या वासाने सिमेंट आठवतं, आणि याची मला अजिबात लाज वाटत नाही.

या वर्षी त्या वासासोबत कांताचा फोनही आला. कांता माझी शाळेतली मैत्रीण, आज आमच्या गावची सरपंच. आमचं गाव आखाडा बाळापूरच्या बाजाराला सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. इकडचं तिकडचं न बोलता तिने सरळ सांगितलं, की गावाला नवं सभागृह मंजूर झालंय, जागा बशीची ठरलीय, आणि जुनी इमारत पाडायची तर ती धोकादायक असल्याचा अहवाल लागतो. "तू आर्किटेक्ट हायस, गावची हायस. एवढं लिहून दे, बाकी मी बघते," ती म्हणाली. मी येऊन बघते म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ टेबलावरचा एकही कागद मला दिसेना.

बशी म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीचं वाचनालय. त्याला रीतसर नाव आहे, दारावर रंगवलेलंही आहे, पण ते नाव घेऊन पत्ता विचारलात तर गावात कोणी सांगू शकणार नाही. मधोमध एक जाड पोकळ खांब. त्या एकाच खांबावर आभाळाकडे तोंड करून ठेवलेलं काँक्रीटचं गोल छत, कडेला वर वळलेलं. खाली गोल भिंत आहे, पण ती छताला टेकत नाही. मध्ये हातभर फट सोडलेली आहे, तिथून उजेड येतो, वारा येतो आणि चिमण्या येतात. लांबून पाहिलं तर छत भिंतीपासून सुटून वर निघाल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस गाडीचा वेग कमी करतो. आमच्याकडच्या रस्त्यावर दुसऱ्या कशासाठी कोणी वेग कमी करत असेल तर ते खड्ड्यांसाठी.

ती बांधली गफूर मिस्त्रींनी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, आजही म्हणतो. तरुणपणी ते हैदराबादला कामाला होते, नंतर नांदेड-परभणीकडे ठेकेदारांच्या हाताखाली पाण्याच्या टाक्या बांधत फिरले. हैदराबादच्या फुटपाथवरून त्यांनी एकदा परदेशी चित्रकथांचा एक गठ्ठा आणला होता. जुन्या, पिवळ्या पडलेल्या, बहुतेकांची शेवटची पानं गायब. त्यांत परग्रहावरची शहरं होती. एका पायावर उभी घरं, काचेच्या नळ्यांमधून जाणारी माणसं, जमिनीला न शिवणारे रस्ते, घुमटाखाली बागा. चाचांना उर्दू वाचता यायचं, इंग्रजी नाही. पण थापी, ओळंबा आणि लेव्हलच्या नळीबरोबर तो गठ्ठा त्यांच्या पिशवीत असायचाच. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मिस्त्री तंबाखू मळायचे, हे चित्रं बघायचे. गावाने त्यांना वेडं ठरवायला एवढं पुरेसं होतं.

मी दहावीत होते त्या वर्षी परीक्षा, हळद आणि पाणीटंचाई अशा तिन्ही गोष्टी एकदम आल्या. हातपंपाला घरघर लागली होती. सकाळी अभ्यास करायचा सोडून मी आणि कांता नंबर लावायला घागरी घेऊन बसायचो. माझे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि वाचनालयाचं कामही तेच बघायचे. वाचनालय म्हणजे तेव्हा आमच्या ओसरीतली दोन कपाटं. त्याच हंगामात इमारतीसाठी निधी आला आणि चाचांना बोलावणं गेलं. चाचा आमच्या ओसरीत येऊन बसले, पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि मला म्हणाले, "बेटा, तू इंग्रजी शिकून राहिली ना? हे काय लिव्हलंय ते सांग." चित्रात एका पायावर एक प्रचंड ताट उभं होतं, आभाळाकडे उघडं. शेजारी शिरस्त्राण घातलेला माणूस काहीतरी बोलत होता.

माझं इंग्रजी पाठांतराचं. त्याच्या तोंडाजवळच्या संवादाच्या फुग्यातले दोन शब्द ओळखीचे वाटले, बाकी सगळा अंधार. पण दहावीच्या मुलीने मिस्त्रीसमोर "येत नाही" कसं म्हणायचं? डोक्यात सकाळपासून घागरी वाजत होत्या. मी बोट ठेवून, अडखळत, खरंच वाचतेय असं दाखवत सांगितलं, की या लोकांच्या गावात नदी नाही, विहीर नाही. म्हणून हे आभाळातलं पाणी या ताटात धरतात आणि खांबाच्या पोटातून खाली हौदात सोडतात. चाचांनी चित्रातल्या खांबावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बराबर हाय. नायतर त्याला काहून उलटं ठेवतील?" वडील शाळेत होते. मला टोकणारं घरात कोणी नव्हतं.

तालुक्याहून ओव्हरसियरने चौकोनी खोलीचा नकाशा पाठवला होता. पण मार्चअखेर आली की आपल्याकडे निधी आधी संपवायचा असतो आणि काम नंतर बघायचं असतं. ओव्हरसियर फिरकलेच नाहीत. चाचांनी खुंटी ठोकली, सुतळी बांधली आणि चुन्याचं वर्तुळ मारलं. वर्तुळ मारायलाही जागा मोकळी नव्हती, कारण गावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेवर हळद वाळत पडलेली असते. कांताच्या वडिलांची हळद बाजूला सारावी लागली आणि ते चाचांशी तावातावाने भांडले. सरळ खोली सोडून हे काय शहाणपण करून राहिला, हा त्यांचा मुद्दा. माझ्या वडिलांनी मध्ये पडून एवढंच विचारलं, की छत पडणार तर नाही ना. टाकीचं बूड आपण आयुष्यभर बांधलं, हे नुसतं बूडच आहे, वरची टाकी फक्त बांधायची नाही, असं चाचांनी उत्तर दिलं. हिशोब एवढा सोपा होता. नंतर पाच वर्षं शिकून मला तो तितक्या सोप्या शब्दांत कधी मांडता आला नाही.

छत ओतलं त्या दिवशी माझा भूमितीचा पेपर होता. घरी आले तेव्हा लोक हातोहात घमेली पुढे देत होते. बारक्या लाकडांच्या जंगलावर तो राखाडी गोल हळूहळू भरत चालला होता आणि शेजारच्या वावरात कढईची वाफ उठत होती. ओल्या सिमेंटचा वास आणि हळदीचा वास माझ्या नाकात त्या दिवशी एकत्र बसला तो कायमचा. महिनाभराने खालचे टेकू काढायची वेळ आली. आमच्याकडे रीत अशी, की टेकू काढताना मिस्त्रीने छताखाली उभं राहायचं. इतर कामांत हे नावापुरतं असतं. त्या दिवशी मात्र सगळा गाव लांब पांगला होता. शेवटचा टेकू निघाला तेव्हा चाचा खांबाला पाठ लावून उभे होते आणि त्यांनी डोळे मिटले नव्हते. ते मी पाहिलंय.

छत उभं राहिलं आणि गावाच्या लक्षात आलं, की ही तर हळद वाळवायची झकास जागा आहे. धूळ नाही, शेळ्या नाहीत. पहिली शिडी लावली ती कांताच्या वडिलांनीच, ज्यांनी सर्वांत जास्त नावं ठेवली होती. वैशाखात अवकाळी आला, गारांसकट. खालच्या हळदीवर ताडपत्र्या पडल्या, बशीतली सगळे विसरले. हळकुंडं वाहून खांबाच्या पोटातून हौदाकडे जाणाऱ्या नळाच्या तोंडावर जमली, नळ गच्च तुंबला आणि छतात गुडघाभर पाणी साठलं. कोणी जवळ जाईना. चाचा भिजत शिडीने वर चढले, त्या पाण्यात उभे राहिले आणि ओंजळी भरभरून हळकुंडं बाहेर फेकू लागले. मग खांबाच्या पोटात जो आवाज झाला, तो ऐकून कांताची आई पदराने डोळे पुसत हसायला लागली. हौद भरला. त्या उन्हाळ्यात आम्ही नंबर न लावता पाणी भरलं. पिवळं पाणी, पण पाणी. पुढे चाचांनी नळाच्या तोंडावर जाळी बसवली.

हे सगळं मनात घेऊन मी आर्किटेक्चर शिकायला गेले. इतिहासाच्या तासाला सर पडद्यावर विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या इमारती दाखवायचे आणि मला एकेक चित्र ओळखीचं वाटायचं. एका पायावरचं उपाहारगृह, पंख पसरलेलं विमानतळ, जमिनीपासून उचलून धरलेली वसाहत. मी हात वर करून म्हणाले, की ही मी आमच्या मिस्त्रींच्या चित्रकथांत पाहिलीत. वर्ग खदखदून हसला. सर रागावले नाहीत, समजुतीने बोलले, आणि ते जास्त लागलं. आधुनिक वास्तुकला तर्कातून, यंत्रातून, समाजाच्या गरजेतून आली, पोरांच्या पुस्तकांतून नव्हे, असं ते म्हणाले. मी खाली बसले. आज बसणार नाही.

तर्कातून आली म्हणता, मान्य. पण तर्क करणारी ती मोठी माणसं आभाळातून पडली नव्हती. ती कधीतरी पोरं होतीच ना? शाळेच्या पुस्तकात चार आण्यांची चित्रकथा लपवून वाचणारी पोरं. काँक्रीट हवेत उडालं ते आधी स्वस्त कागदावर, इंजिनिअरांना ते झेपण्याच्या कितीतरी आधी. इंग्लंडमधल्या काही तरुण आर्किटेक्टांनी तर आपली शहरं उघड उघड चित्रकथांसारखी काढली, फुग्यातल्या संवादांसकट, आणि त्यांना त्याचा संकोच वाटला नाही. संकोच आपल्याला वाटतो. घराण्याचा मूळ पुरुष राजा निघाला तर आपण सांगत सुटतो, तमासगीर निघाला तर वंशावळच गुंडाळून ठेवतो. कलांचंही तसंच. मला पुरावा मागू नका, माझा पुरावा एका खांबावर उभा आहे.

आणि भविष्यकाळ काय फक्त मोठ्या शहरांच्या नावावर लिहून दिलाय? हिंगोलीहून कुठल्याही रस्त्याने निघा. दर गावाबाहेर उंच पायांवर पाण्याची टाकी उभी असते, गोल, वर वळलेली, खाली गोलाकार जिना. त्यांना कोणी आधुनिक म्हणत नाही, त्यांचे फोटो पुस्तकांत येत नाहीत. पण परग्रहावरचं शहर काढणाऱ्या चित्रकाराला इथे आणून उभं केलं, तर तो पहिल्यांदा या टाक्यांकडेच बोट दाखवील. आमच्या माणसांनी त्या बांधल्या. त्यांतल्या एकाने फक्त स्वतःच्या डोक्याने एक पाऊल पुढे टाकलं, तर त्याला वेडा म्हणायचं, आणि चाळीस वर्षांनी धोकादायक.

मी नांदेडच्या एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत घेऊन गेले, कारण अहवालावर दोघांच्या सह्या लागतात. दिवसभर आम्ही काँक्रीट ठोकून, खरवडून, मोजून पाहिलं. कडेला दोन ठिकाणी गिलावा निघून सळई गंजलेली आहे, ती दुरुस्त करायला हवी. बाकी खांब ठणठणीत. तो इंजिनिअर तरुण आहे, मोजकं बोलतो. निघताना त्याने विचारलं, की याचा नकाशा कोणी केला होता. मी सांगितलं, एका मिस्त्रीने, चुन्याने, जमिनीवर. त्याने पुन्हा एकदा खांबाला हात लावून पाहिला.

कांताच्या ओसरीत चहा झाला. कांताचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. बचत गटाच्या बायकांना बसायला जागा नाही, पावसाळ्यात लग्न निघालं की मांडवाची फजिती होते, आणि बशीत आता पेपर वाचायला दोन म्हातारे येतात. दुसरी जागा आहे, पण ती ओढ्याकाठी, गावापासून लांब. "लोकायला आठवण न्हाई लागत सुमे, सपाट स्लॅब लागतो," ती म्हणाली, "वर हळद वाळवता येईल असा. कोण बघायला येणार हाय तू काय लिव्हलं ते?" मी म्हणाले, मीच बघते ना. ती कप उचलून आत गेली. चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिने मला दुसरा चहा विचारला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

तिथून मी चाचांकडे गेले. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कान शाबूत, गुडघे गेलेले. बशीचं काय चाललंय ते त्यांना ठाऊक होतं. मला मात्र दुसरंच सांगायचं होतं. ते पान मी पुढे कॉलेजात असताना एका सुट्टीत नीट वाचलं होतं, आणि तेव्हापासून कोणाला सांगितलं नव्हतं. त्या फुग्यात पाण्याचा उल्लेखही नव्हता. ते ताट म्हणजे आकाशयान होतं आणि शिरस्त्राणवाला सगळ्यांना दारं लावून घ्या म्हणत होता, कारण यान उडणार होतं. मी चाचांना सगळं सांगितलं. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, मी लाजेपोटी थाप मारली, आणि तुम्ही त्या थापेवर इमारत बांधली.

चाचांनी बोटाने हवेत ताटाचा गोल काढून पाहिला. मला वाटलं, दुखावले. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत. मग ते वैतागून म्हणाले, "मंग त्या किताबवाल्यालाच अक्कल न्हवती. एवढी मोठी परात आभाळाला दाखवायची अन् पाणी धरायचं न्हाई, ह्याला काय अर्थ हाय?" आणि पाय चोळत त्यांनी सुनेला आवाज दिला, सुमनसाठी काहीतरी खायला आण म्हणून. इतकी वर्षं मी स्वतःला गुन्हेगार समजत होते. त्यांनी गुन्हा त्या परदेशी चित्रकारावर टाकून मला मोकळं केलं.

ग्रामसभा बशीतच भरली, कारण गावात दुसरी सावलीची जागा नाही. हे कोणाच्या लक्षात आलं असेल तर त्याने बोलून दाखवलं नाही. फटीतून हळदीचा वास येत होता. मी अहवाल वाचला: इमारत धोकादायक नाही, किरकोळ दुरुस्ती आवश्यक. नकाशा करणाऱ्याच्या रकान्यात ग्रामपंचायतीच्या जुन्या कागदांवर ओव्हरसियरचं नाव होतं. मी तिथे गफूर मिस्त्रींचं नाव लिहिलं होतं, तेही मोठ्याने वाचलं. गलका झाला. कोणी म्हणालं, बाई शहरात राहतात, त्यांचं काय जातंय. कोणी म्हणालं, दुसरा इंजिनिअर आणू, तो पाहिजे तसं लिहून देईल. कांता मान खाली घालून बसली होती. सही न करणं सोपं असतं, पण आपल्याच माणसांच्या तोंडावर सही करून नाही म्हणणं जड जातं.

चाचांना त्यांच्या मुलाने धरून आणलं होतं. ते खुर्चीतून उठले नाहीत, बसूनच बोलले, आणि गलका आपोआप थांबला.

"पाडायचं तं पाडा. गाव तुमचं, जागा तुमची. पण धोक्याचं हाय असं लिहून पाडू नका. आमाला आवडत न्हाई म्हणून पाडलं, असं लिहा. मंग माझी काही तकलीफ न्हाई."

कांताने समोरचा, इमारत पाडायच्या परवानगीचा छापील अर्ज हातात घेतला. वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची वाचली. सगळी सभा तिच्याकडे बघत होती. असं लिहायला त्यात रकानाच नव्हता.